टपावरचं पाणी : जुन्या गाडीची गळती शोधायची कशी, थांबवायची कशी

(मंडळाच्या पावसाळी व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर ऐकलं, नाट्यसंगीतावर ऐकलं, मधुमेहावरही ऐकलं. यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभं केलं तेव्हा अट एकच घातली, की विषय पावसाळ्यात उपयोगी पडणारा हवा. आम्ही शिक्षणाने डिप्लोमा मेकॅनिकल, नोकरी राज्य सरकारची, आणि रविवारचा उद्योग म्हणजे दोघातिघा मित्रांनी मिळून ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या गाड्यांत डोकं घालणं. त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. मृग लागला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो : "अहो, गाडीचा टप गळतोय. काय लावू?"

या प्रश्नातला शेवटचा शब्दच आधी बदलायचा आहे. "काय लावू?" असं विचारण्याआधी "पाणी येतंय कुठून?" असं विचारायचं. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

कंग्राळीत आणि आजूबाजूच्या गावांत फिरलं की दिसतं, दर चार-पाच घरांमागे एखादी पंधरा-वीस वर्षांची गाडी अंगणात उभी असते. कुणाची व्हॅन, कुणाची जीप, कुणाची छोटी मोटार. ती भाजी घेऊन बाजारात जाते, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेते, सौंदत्तीला आणि जोतिबाला जाते, आणि गणपती आणायलाही तीच. नवी गाडी घ्यायची म्हणजे आज काही लाखांचं काम. तेव्हा आहे ती टिकवणं हा हौसेचा भाग नाही, घरखर्चाचा भाग आहे. आणि आमच्या अनुभवात आपल्या भागातली गाडी बहुतेक वेळा इंजिनाने मरत नाही. इंजिन उघडून दुरुस्त करता येतं. गाडी मरते ती पत्र्याने, आणि पत्रा मरतो पाण्याने.

पाऊस किती आणि टपावर किती

आपला भाग पावसाच्या उतरत्या पायरीवर बसला आहे. पश्चिमेला आंबोली, सत्तरेक किलोमीटरवर. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडेही तो दणकून पडतो. बेळगावात येईपर्यंत तो साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटरवर येतो, आणि निपाणीकडे, पूर्वेकडे सरकावं तसा आणखी उतरतो.

आता एक सोपं गणित. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. व्हॅनचा किंवा जीपचा टप धरा तीन चौरस मीटर. बाराशे मिलिमीटर पावसात त्या टपावर छत्तीसशे लिटर पाणी पडतं. दोनशे लिटरचे अठरा ड्रम! आणि हे गाडी बेळगावातच उघड्यावर उभी राहिली तर. यातलं हजारातलं एक लिटर जरी आत शिरलं, तरी साडेतीन लिटर पाणी तुमच्या गालिच्याखालच्या फोममध्ये जाऊन बसलं. तिथे ऊन नाही, वारा नाही. दसऱ्यापर्यंत ते तिथेच.

या पाण्याने काय होतं ते थोडक्यात सांगतो. तळाचा पत्रा वरून ओला राहतो, आणि आपण गाडी धुताना बघतो ती खालची बाजू. पत्रा आतून कुजतो आणि आपल्याला भोक पडल्यावर कळतं. सीट ज्या बोल्टांवर उभी आहे आणि सीटबेल्ट ज्या जागी आवळला आहे, त्या जागा याच तळाच्या पत्र्यात असतात. अपघातात माणसाला धरून ठेवणारी जागाच गंजलेली असेल तर बेल्ट लावून काय उपयोग? दुसरं म्हणजे वायरिंग. बऱ्याच गाड्यांची वायरींची जुडी उंबऱ्याच्या पट्टीखालून गालिच्याच्या कडेने जाते. जोडाच्या पिना हिरव्या पडतात आणि मग दिवा लागत नाही, हॉर्न आपोआप वाजतो, फ्यूज उडतो. तिसरं, बुरशी. गाडीतला तो कुबट वास म्हणजे बुरशीच. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर बंद काचांत तासभर त्या हवेत बसणं बरं नव्हे.

आणि चौथी गोष्ट या दिवसांतली. शाडूची मूर्ती न भाजलेल्या मातीची. मागच्या सीटवर मांडीवर घेऊन मूर्ती आणताना वरून चार थेंब पडले तर काय होईल, हे मूर्तिकाराला विचारायची गरज नाही.

कौलारू घराने शिकवलेलं

आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांचं लहानपण कौलाखाली गेलं आहे. मंगळुरी कौलं आपल्याकडे आली ती बासेल मिशनच्या लोकांमुळे. त्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तसल्या कौलांनी सगळी किनारपट्टी आणि घाटमाथा व्यापला. त्या कौलांत एक मोठी गंमत आहे. एक कौल दुसऱ्याला कशानेही चिकटवलेलं नसतं. ना सिमेंट, ना डांबर. नुसती खाच आणि तिच्यावर बसणारी कड. तरी घर कोरडं राहतं. का? कारण कौल पाण्याला अडवतच नाही, त्याला खालची वाट दाखवतं. वरच्या कौलावरून खालच्यावर, खालच्यावरून पागोळीत, पागोळीतून अंगणात.

आणि कौल फुटलं तर? पाणी फुटक्या कौलाच्या बरोबर खाली कधी पडत नसे. ते रिपेवर उतरायचं, रिपेवरून वाशावर, वाशाच्या पोटाने तिरकं वाहत जायचं आणि कुठल्या तरी गाठीशी अडून चुलीवर ठिबकायचं. आपले आजोबा चुलीच्या वर बघत नसत. माळ्यावर चढून ओला वासा बोटाने चाचपत वर वर जात आणि कौल बदलत. गाडीचा टप दुरुस्त करायला लागणारी सगळी अक्कल एवढ्यात आली. पाणी शिरतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे. आणि पाणी थांबवण्यापेक्षा त्याला वाट मोकळी करून देणं महत्त्वाचं.

टप बनतो कसा

मोटारींना पूर्वी पूर्ण पोलादी टप नसे. एवढा मोठा पत्रा एका दाबात घडवणारी यंत्रं नव्हती, म्हणून मध्ये मेणकापडासारखं आच्छादन ताणून बसवत. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून एकसंध पोलादी टप मोठ्या प्रमाणावर आणला. तेव्हापासून मधून गळणं संपलं आणि गळतीचा मुक्काम कडेला, सांध्यावर गेला.

आपल्या ओळखीच्या गाड्या आठवा. ॲम्बॅसॅडर, जी पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत निघाली. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. १९८४ ची मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले. आणि १९९४ ची टाटा सुमो. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं, हे इथे अनेकांना ठाऊक असेल. या गाड्यांच्या टपाच्या कडेने दाराच्या वर एक बारीक पन्हळ दिसते. तिच्यावरच आपण कॅरिअरचे पाय आवळतो. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी स्पॉट वेल्डिंग केलं की ही पन्हळ तयार होते. दोन वेल्डच्या मधली फट बुजवायला कारखान्यात एक रबरासारखा मसाला भरतात आणि त्याच्यावर रंग मारतात. नव्या गाड्यांत ही पन्हळ वर उचलून टपातच बुडवलेली असते आणि तिच्यावर काळी पट्टी बसवलेली असते. पट्टी काढली की आत तोच सांधा.

हा मसाला नवा असताना लवचीक असतो. पंधरा उन्हाळे सोसल्यावर तो वाळतो, आकसतो, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात. खराब रस्त्यावर गाडीचं अंग पिळवटतं तशा त्या चिरा उघडझाप करतात. त्यात आपली तांबडी माती पन्हळीत बसते, तिच्यात झाडाचा पालापाचोळा, आणि तो थर आठ-आठ दिवस ओला राहतो. चिरेतून पाणी रंगाखाली जातं, लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो आणि मसाल्याला आणखी वर उचलतो. रंगावर फोड दिसला की समजावं, खाली काम सुरू झालं आहे.

पाणी शिरण्याच्या जागा

सगळ्या गळतीला टपच जबाबदार नसतो. आमच्या अनुभवात तपासायच्या जागा या :

पहिली, पन्हळीतला सांधा, विशेषतः चारी कोपरे आणि कॅरिअरच्या पायांखालची जागा. तिथे रंग घासून निघालेला असतो.

दुसरी, टपाला पाडलेली भोकं. अँटेना, कॅरिअरचे बोल्ट, टॅक्सी असताना लावलेला आणि नंतर काढलेला फलक. भोक राहतं, आठवण जाते.

तिसरी, समोरची आणि मागची काच. जुन्या गाड्यांत काच रबरात बसवलेली असते, रबर कडक झालं की कोपऱ्यात फट पडते. नव्या गाड्यांत काच चिकटवलेली असते. काच बदलताना जुना गंज साफ न करता नवी चिकटवली असेल तर वर्ष-दोन वर्षांत गळते.

चौथी, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेली जाळी. तिच्याखाली एक खण असतो, त्यात वायपरची यंत्रणा आणि आतल्या हवेचा मार्ग. आंब्याची, गुलमोहराची पानं तिथे साचून निचरा तुंबला की खण भरतो आणि पाणी पायाशी येतं.

पाचवी, दारं. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जातंच, ते तसंच योजलेलं असतं. तळाला असलेल्या बारीक भोकांतून ते बाहेर पडतं. ती भोकं मातीने बुजली की दार उघडताना आत पाणी खळखळतं. शिवाय दाराच्या आतल्या पॅनेलमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना तो फाडला जातो, आणि पुन्हा कुणी लावत नाही.

सहावी, मागचे दिवे आणि डिकीचं रबर. आणि सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही. उरलेलं पाणी खालच्या तबकात उतरून नळ्यांनी बाहेर जातं. नळी तुंबली की तबक भरून छताच्या अस्तरात उतरतं. नळीत नायलॉनची मऊ दोरी हळू सरकवावी. जोरात हवा मारली तर नळी आतल्या आत सुटते.

शोध

आता मुख्य काम. लागणारं साहित्य घरातलंच : बॅटरी, जुनी वर्तमानपत्रं, खडू, साबणाचा फेस, पाण्याची नळी आणि आत बसायला एक धीराचा माणूस.

आधी गाडी पूर्ण कोरडी करायची. मग छताचं अस्तर जिथे संशय आहे तिथे कडेने सोडवायचं. अस्तर हे स्पंजासारखं असतं. ते पाणी पिऊन सगळीकडे पसरवतं, म्हणून त्याच्यावरच्या डागावरून काही ठरवू नये. आतला उघडा पत्रा आणि आडव्या पट्ट्या बॅटरीच्या उजेडात बघायच्या. पाणी बरेच दिवस येत असेल तर त्याची तांबडी-पांढरी रेघ दिसतेच. ही रेघ म्हणजे तो ओला वासा. ती चाचपत वर जायचं.

रेघ सापडली नाही तर आतून सांध्याच्या कडेने खडूची पूड चोळायची आणि पत्र्याखाली वर्तमानपत्र पसरायचं. मग एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. इथे तीन नियम पाळायचे. नळीचं पाणी हलकं, पावसासारखं पडू द्यायचं. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने चांगलं रबरही हार मानतं आणि नसलेली गळती दिसते. दुसरा नियम, सुरुवात खालून करायची. आधी काचेचा पायथा, मग काचेच्या बाजू, मग दाराची वरची कड, शेवटी पन्हळ आणि टप. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही. तिसरा नियम, एका जागी किमान पाच मिनिटं. पाण्याला आत वळसे घेत यायला वेळ लागतो. आतल्या माणसाने ओला झालेला पहिला खडू कुठे, एवढंच बघायचं. खाली थेंब कुठे पडला याला महत्त्व नाही.

दुसरी युक्ती कोरडी आहे. गाडी सुरू करून ब्लोअर बाहेरची हवा घेणाऱ्या खटक्यावर ठेवायचा, पूर्ण वेगात. सगळी दारं-काचा बंद. आतल्या हवेचा दाब थोडा वाढतो. बाहेरून संशयाच्या जागी ब्रशने साबणाचा फेस लावायचा. जिथे फट आहे तिथे फुगे येतात, सायकलच्या पंक्चरसारखे. डिकीजवळ हवा बाहेर जायची मुद्दाम ठेवलेली जाळी असते, तिथले फुगे धरू नयेत. हे काम अंगणात, उघड्यावरच करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही नको.

तिसरी, दाराच्या रबरासाठी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. घट्ट लागली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. अशी सगळ्या दाराभोवती हातभर अंतराने.

दोन उदाहरणं सांगतो. एका शेजाऱ्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये ब्रेक दाबला की चालवणाऱ्याच्या खांद्यावर पाणी पडे. तीन पावसाळ्यांत तीन वेळा समोरच्या काचेभोवती सिलिकॉन लावून झालं होतं. आम्ही अस्तर सोडवलं. रेघ समोरून नव्हतीच, मागून येत होती. पाणी शिरत होतं कॅरिअरच्या मागच्या उजव्या पायाखाली, पन्हळीच्या चिरेतून. आत टपाच्या लांबट खोलगट भागात साचून राहायचं आणि ब्रेक लागला की पुढे धावायचं. घाट उतरताना जास्त, चढताना अजिबात नाही, हे त्या घरच्या वहिनींनी आधीच टिपून ठेवलं होतं. निदान खरं तर त्यांचंच. तीन वर्षं ते कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

दुसरी एक छोटी मोटार. पुढे डाव्या पायाशी पाणी. मालकांना टपाचा संशय. आम्ही विचारलं, पाऊस नसताना येतं का? तर उन्हाळ्यातही येत होतं. म्हणजे पावसाचा संबंध नाही. एसीच्या खोक्यात थंडाव्याने जमणारं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली होती. नळी साफ केली, काम पाच मिनिटांचं. म्हणून कुठे गळतं याच्या जोडीला कधी गळतं हेही लिहून ठेवा. पावसात उभी असताना की चालताना, चढावर की उतारावर, डावीकडे कलती उभी केली तर काय होतं. ही टिपणं गॅरेजमध्ये जाताना सोबत न्या.

दुरुस्ती

जागा सापडली की अर्ध्याहून जास्त काम झालं. उरलेलं काम स्वच्छतेचं आहे.

सांध्यातला जुना मसाला खरवडून पूर्ण काढायचा. त्याच्यावरच नवा थर देणं म्हणजे सुटलेल्या गिलाव्यावर चुना मारणं. मग तारेच्या ब्रशने गंज चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासायचा. खोल खड्ड्यांत उरतो त्याच्यावर गंज बसवणारं द्रावण मिळतं, ते लावून वाळू द्यायचं. थिनरच्या फडक्याने पुसून प्रायमर मारायचा, आणि प्रायमर वाळल्यावर मोटारीच्या बॉडीसाठी मिळणारा पॉलियुरेथेनचा सीम सीलर भरायचा. तो वाळल्यावरही लवचीक राहतो आणि त्याच्यावर रंग बसतो. ओल्या बोटाने दाबून त्याला पन्हळीच्या तळाशी उतार द्यायचा, म्हणजे पाणी साचणार नाही. नळीवर लिहिलेला वेळ वाळू द्यायचा, मग रंग. रंग हे नुसतं सजावटीचं काम नाही, मसाल्याला उन्हापासून तोच वाचवतो.

काय लावू नये तेही सांगतो. न्हाणीघरासाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नये. वाळताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, ते लोखंडाला गंज धरायला मदत करतं. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि पुढे कुणाला नीट काम करायचं झालं तर त्याचा शेवटचा अंश काढताना जीव जातो. दगडासारखी घट्ट होणारी एपॉक्सी लांबी सांध्यात भरू नये. गाडीचं अंग हललं की ती तडकते. डांबरी पट्टी तात्पुरती ठीक, पण तिच्याखाली पाणी अडकलं तर वरून छान आणि खालून चाळणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निचऱ्याचं भोक कधी बुजवू नये. दाराच्या तळाची भोकं "इथून पाणी येतंय" म्हणून बुजवलेली आम्ही पाहिली आहेत. तिथून पाणी येत नव्हतं, जात होतं. ते दार दोन वर्षांत खालून कुजलं.

पत्र्याला भोकच पडलं असेल तर कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. हे टिंकरचं काम. मात्र वेल्डिंगआधी छताचं अस्तर, सीट आणि फोम काढलेत ना, बॅटरीची तार सोडली ना, हे स्वतः उभं राहून बघा. आत अस्तर पेटून गाडी जाऊ शकते. एअरबॅग असलेल्या गाडीत सीटखालच्या आणि खांबातल्या पिवळ्या जोडांना घरी हात लावू नका.

दुरुस्तीचा योग्य काळ मे महिना. पण आता गणपतीच्या तोंडावर गळती लागली तर? सांधा स्वच्छ करून दोन दिवसांची उघडीप मिळेल तेव्हाच काम करा. तोवर ताडपत्री टाका. मात्र प्लास्टिक अंगासरशी घट्ट गुंडाळू नका, खाली ओल कोंडते. शेडखाली उभी करता आली तर उत्तमच. नाहीतर निदान झाडाखालून हलवा आणि गाडी थोडी उतारावर ठेवा.

आणि गळती थांबली म्हणजे संपलं नाही. आत शिरलेलं पाणी काढायचं राहतं. सीट काढा, गालिचा आणि त्याच्याखालचा फोम उचलून बाहेर काढा. नुसतं वरून हात लावून कोरडं वाटतं, खाली फोम भिजलेला असतो. तळाला रबरी बुचं असतात, ती काढून पाणी सोडा, पत्रा पुसा, गंज दिसला तर खरवडून प्रायमर मारा, मग बुचं परत लावा. ऊन नसेल तर वर्तमानपत्रं पसरून दर काही तासांनी बदला. फोम कुजला असेल तर टाकून द्या, अत्तराने वास जात नाही.

पैसा आणि निर्णय

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण "गळती काढून द्या" म्हणतो आणि ते वरून मसाला फासून देतात. यात फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. शोधायला दोन तास लागतात आणि शोधण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. म्हणून आम्ही सांगतो, बोलणी वेगळी करा. "पाणी कुठून येतंय ते शोधून मला दाखवा, त्याचे पैसे वेगळे देतो. लावायचं काय ते मग ठरवू." आमच्या बेळगावात उद्यमबागेपासून ऑटोनगरपर्यंत हाताने सोनं घडवणारे कारागीर आहेत. त्यांना वेळ आणि त्याचा मोबदला दिला तर ते काम चोख करतात.

कुठवर खर्च करावा, हाही प्रश्न येतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. सरकारी गाड्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून ती सवलत नाही. पंधरा वर्षं झाली की त्या मोडीतच. त्यामुळे आमच्यासारखे सरकारी नोकर चांगल्या इंजिनाच्या गाड्या रांगेने मोडीत जाताना बघतात. तुमच्या घरच्या गाडीचा निर्णय अजून तुमच्या हातात आहे. नूतनीकरणाच्या आधी एकदा गालिचा उचलून तळ बघा. टपाचा सांधा, दाराचं रबर, काचेचं रबर यांवर खर्च करायला हरकत नाही. पण सीटबेल्टच्या जागा, उंबरे आणि चासीचे सांधे टिकाव मारल्यावर खचत असतील, तर वरून रंग देऊन आपल्याच माणसांना त्यात बसवू नका. तिथे माया उपयोगाची नाही.

शेवटी वर्षाची चार कामं सांगून थांबतो. अक्षयतृतीयेच्या सुमारास, घरची कौलं परतायचे दिवस आठवून, गाडीची पन्हळ धुऊन चिरा बघा. काचेखालच्या जाळीतली पानं काढा. दाराच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा गालिच्याखाली हात घाला. चारही कामांना मिळून एक सकाळ पुरते, खर्च काही नाही.

 यंदा सगळ्यांच्या घरी बाप्पा कोरड्या गाडीतून येवोत.

गणपती बाप्पा मोरया!